पाईप स्वस्त, नट महाग

यंदाच्या जूनपासून आमचा टेम्पो भांडुप स्टेशनला असला की टेंभीपाड्यात कळायला लागलं. मंडप, खुर्च्या, कढया, पातेली भाड्याने देण्याचा आमचा धंदा. गिऱ्हाइकाला गाडी वेळेवर आली म्हणजे पुरे. तिने येताना चार गल्ल्यांना वर्दी द्यावी अशी कुणाची अपेक्षा नसते. पण आम्ही बारशाच्या घरी पोचावं तर बाळ दचकून जागं, आजी कावलेली, आणि बाळाचं नाव ठेवायच्या आधी आम्हाला नावं ठेवून झालेली.

गाडी टाटाची चारशेसात. २०१२ची, पेण पासिंग, एमएच ०६. वडिलांनी घेतली तेव्हापासून तिच्यावर ड्रायव्हर मामा आहेत. कागदोपत्री मी मालक आणि मामा नोकर. प्रत्यक्षात मामा मला अधूनमधून गाडीत बसू देतात.

"सायलेन्सर गेलाय," मामा म्हणाले. इतकं साधं निदान गल्लीला मान्य होईना. बेस्टमधून रिटायर झालेले शेजारचे काका म्हणाले, इंजिन उघडावं लागणार. काका बेस्टमध्ये हिशेब खात्यात होते, पण बसच्या इतक्या जवळ तीस वर्षं काढल्यावर माणसाला इंजिनाबद्दल मत हे असणारच. रिक्षावाला म्हणाला, डिझेलमध्ये पाणी आहे. मामा काही बोलले नाहीत. गाडीखाली सरपटत गेले आणि स्क्रू-ड्रायव्हरने पाईपला हळूच टोचलं. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

सायलेन्सर कुजतो तो आधी आतून, हे मला तेव्हा कळलं. डिझेल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही बाहेर पडते. नाशिकला जाणारी गाडी तासन्‌तास चालते, पाईप सणसणीत तापतो, पाणी उडून जातं. आमची गाडी भांडुपहून मुलुंडला जाते, खुर्च्या उतरवते, थंड होते. मुलुंडहून विक्रोळीला जाते, पुन्हा थंड होते. पाईप नीट तापायच्या आत लग्नघर येतं. मग ते पाणी आतच साचतं, त्यात धुरातलं गंधक मिसळून थोडंथोडं आम्ल तयार होतं, आणि लोखंडाला लागतं. बाहेरून समुद्राची खारट हवा आणि आमचा पावसाळा आहेच. दर वर्षी हिंदमाताला एकदा तरी गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागते. तेव्हा मामा पहिला गिअर टाकतात आणि ॲक्सिलरेटर सोडत नाहीत. सोडला तर पाणी पाईपातून वर चढेल, हे त्यांचं शास्त्र. पाणी वर चढलं नाही, पण पाईपाने जे व्हायचं ते करून घेतलं.

पहिला इलाज अर्थातच फुकटचा. भोकावर ती दोन पुड्यांची मळून लावायची लांबी थापली. पाईप तापल्यावर ती करपून गळून पडली. मग मामांनी केटररकडचा पंधरा लिटरचा तेलाचा डबा कापला, पत्रा पाईपाभोवती गुंडाळला आणि दोन क्लॅम्प आवळले. तेल सूर्यफुलाचं होतं. त्यामुळे काही दिवस आमच्या टेम्पोच्या पोटाखाली एक भलंमोठं पिवळं सूर्यफूल फुललेलं असे, आणि त्याच्या पाकळ्यांतून फटफट आवाज येई.

याच सुमारास बायकोने मला एक जुनी बातमी वाचून दाखवली, ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळीची. त्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा जो भाग असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात; चोर ते काढून विकतात. "आपली गाडी रात्री उघड्यावर असते," ती काळजीने म्हणाली. मी तिला समजावलं. मुंबईत २०१० सालीच बीएस-४, म्हणजे धुराच्या जास्त कडक नियमाच्या, गाड्या सुरू झाल्या, पण सगळ्या देशाला तो नियम लागला १ एप्रिल २०१७ला. तोवर पेणला आमच्यासारख्या बीएस-३ गाड्या सुखाने नोंदवल्या जात. आपल्या पाईपात प्लॅटिनम नाही, काजळी आहे. चोर आलाच असेल तर खाली वाकून, सूर्यफूल बघून, हळहळत गेला असेल.

पण एका संध्याकाळी एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये कॅबिनमध्ये धूर यायला लागला आणि मामांचं डोकं धरलं. इथे मात्र मी चिक्कूपणा बाजूला ठेवला. धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो मालकाची ऐपत विचारत नाही. सायलेन्सर बदलायचं ठरलं. बायकोने बजेट सांगितलं: सहा हजार. गणपतीच्या मंडपांचे ॲडव्हान्स यायचे होते, तोवर सहाच्या वर एक रुपया नाही.

शोरूमला फोन केला. समोरच्या मुलाने गोड आवाजात आकडा सांगितला. मी तो मामांना सांगितला. मामा ओटीच्या पायरीवर बसले.

मग आम्ही कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. मोडलेल्या गाड्यांचे सगळे अवयव तिथे रस्त्याच्या कडेला मांडलेले असतात. दारं एकीकडे, दिवे एकीकडे, गिअरबॉक्स तेल गाळत एकीकडे. एका चाचांनी चारशेसातचा सायलेन्सर दाखवला. चंदेरी रंग नुकताच मारलेला, अजून हाताला लागत होता.

"एकदम कम चला हुआ माल है, सेठ. जिस गाडी का है, वो सिर्फ पापड ढोती थी. लोडच नाही कधी."

मामांनी सायलेन्सर उचलून कानाशी धरला आणि हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. सायलेन्सरच्या आत भोकाभोकांच्या नळ्या आणि आडवे पडदे असतात. आवाज त्यांच्यावर आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या आवाजाला मारतो. पडदा सुटला की आवाज मारणारं कुणी राहत नाही, उलट सायलेन्सर स्वतःच वाजतो. मामांनी चावीने चंदेरी रंग खरवडला. खाली तांबूस पापुद्रा. तो निघाला, तर खाली आणखी एक पापुद्रा.

"पापडच आहे," मामा म्हणाले आणि सायलेन्सर खाली ठेवला.

चाचा हसले, रागावले नाहीत. त्या रस्त्यावर खोटं पकडलं गेलं तर कुणी मनाला लावून घेत नाही, लगेच दुसरा माल दाखवतात. इंजिनाकडून येणारा जाड बेंड पाईप मात्र त्यांच्याकडे चांगला मिळाला. मामांनी वाजवून, हुंगून, आत टॉर्च मारून पास केला. सायलेन्सर ऑपेरा हाऊसकडच्या मोटार पार्टच्या दुकानातून नवा घेतला, कंपनीचा नाही, लोकल. जाड पाईप जुना चालतो, पातळ पत्र्याचा डबा नवाच घ्यावा, हे मामांचं धोरण, आणि मला ते आजही पटतं. दोन्ही मिळून चार हजार दोनशे. परत येताना लोकलमध्ये मी सायलेन्सर मांडीवर घेऊन बसलो होतो आणि उरलेल्या अठराशेत काय काय करता येईल याचा विचार करत होतो.

गॅरेजमध्ये उस्तादने पाईप बघितले, मान डोलावली. मग गाडीखाली गेला, बराच वेळ खालीच राहिला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "सेठ, लावायला अर्धा तास. काढायचं बोला."

काढायचं काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं. उस्तादने दरपत्रक सांगितलं. नट सरळ निघाला तर पैसे नाहीत, मजुरीत आला. गॅसने तापवून काढावा लागला तर प्रत्येकी शंभर. आणि तुटला तर? "तुटला तर नंतर बोलू."

बारा वर्षांचा गंजलेला नट हा पागडीच्या भाडेकरूसारखा असतो. कागदावर तो निघू शकतो. उस्तादच्या हाताखालच्या बारक्याने आधी सगळ्या नटांवर ब्रेक ऑइल आणि रॉकेल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी रिंग पाना लावला. पाना फिरला, नट जागच्या जागी. त्याचे कोपरे तेवढे गोल झाले. मग गोटी पाना, मग पान्याच्या दांड्यावर हातभर पाईप चढवून दोघांनी लोंबकळणं. बघ्यांची गर्दी जमली. वडापाववाला गाडी सोडून आला. "उलटा फिरवताय तुम्ही," बेस्टवाले काका म्हणाले. ते कुठून उगवले देव जाणे.

तेवढ्यात आवाज आला. टक्.

फार लहान आवाज होता, पण सगळे गप्प झाले. बारक्याने पाना बाहेर काढला; पान्यात नट, नटात अर्धा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा. उरलेला अर्धा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर पाईपात सोडणाऱ्या बिडाच्या भागात, अगदी बरोबरीत, चिमट्यालाही धरता येणार नाही असा. उस्तादने माझ्याकडे बघितलं. नंतर बोलायची वेळ आली होती.

तुटका स्टड काढण्याची कला मात्र बघण्यालायक आहे, पैसे आपले नसतील तर जास्तच. आधी बॅटरीची तार काढली, वेल्डिंगचा करंट अल्टर्नेटरमध्ये जाऊ नये म्हणून. मग तुटक्या स्टडच्या तोंडावर एक नवा नट धरून आतून वेल्डिंग भरलं. नट लाल झाला. उस्तादने हात लावला नाही. बिडी पेटवली. लोखंड तापलं की फुगतं, निवताना आकसतं, त्या फुगण्या-आकसण्यात गंजाची पकड सुटते. घाई केली की सगळं पुन्हा तुटतं. बिडी संपल्यावर त्याने पाना लावला, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा पुढे, आणि तो स्टड कुरकुरत, पोपडे टाकत बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडापाववाल्याने उस्तादला एक कटिंग पाठवला. तो माझ्या हिशेबात लागला.

दुसरा स्टड असा निघाला नाही. त्याला ड्रिल मारून नवे आटे पाडावे लागले. त्यावर मी बोलणार नाही, उस्ताद पुरेसं बोलला.

नवे नट लावताना त्याने पितळी नट पुढे केले. महाग होते. मी म्हटलं साधे लाव. उस्ताद म्हणाला, लोखंडावर लोखंडी नट लावला की दोघं गंजून एकजीव होतात, पितळी नट पुढच्या वेळी हाताने निघतो. "पुढच्या वेळी" हे शब्द त्याने ज्या शांतपणे उच्चारले, ते ऐकून मी पितळी नट घेतले. मग मॅनिफोल्डचं पॅकिंग. मग सायलेन्सर टांगायची रबरं, कारण जुनी चकलीच्या सोऱ्यातून काढल्याइतकी लांबली होती. मग इंजिन आणि पाईपाच्या मधे जाळीचा लवचिक तुकडा, कारण इंजिन थरथरतं आणि चॅसिस थरथरत नाही, त्या भांडणात पाईप तडकतो. प्रत्येक वस्तू अगदी किरकोळ. प्रत्येक वस्तूसाठी बारक्या समोरच्या दुकानात पळे आणि परत येताना हातावर चिठ्ठी आणे.

शेवटचा तुकडा स्टेपनीला अडत होता, म्हणून उस्ताद तो डावीकडे वळवायला निघाला. मामा ओरडले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करावा लागतो, त्यामुळे मामांना नियम तोंडपाठ आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ११२: धूर खाली सोडायचा नाही, डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडेच. डावीकडे फुटपाथ असतो, फुटपाथवर माणसं चालतात, असं १९८९ साली सरकारने गृहीत धरलं होतं. भांडुपमध्ये फुटपाथवर भाजी, मोबाईलची कव्हरं आणि गॅरेजचा कंप्रेसर असतो, माणसं रस्त्याच्या मधून चालतात. तरी नियम तो नियम. पाईप पुन्हा कापला, पुन्हा वेल्डिंग झालं, उजवीकडे वळला.

गाडी चालू केली. आवाज नाही म्हणजे अगदी नाही असं नाही, डिझेल गाडी आहे, पण शेजारच्या माणसाशी बोलता येत होतं. बेस्टवाले काका लगेच बोलायला लागले.

तसेच पीयूसीला गेलो. डिझेल गाडीच्या पाईपात नळी घालतात आणि ड्रायव्हरला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगतात. धूर किती काळा, हे मशीन प्रकाश अडण्यावरून मोजतं. बीएस-३ला मर्यादा २.४५. आमचं रीडिंग मर्यादेच्या आत आलं, पण मागच्या वेळेपेक्षा जास्त. मी घाबरलो. पीयूसीवाला पोरगा म्हणाला, "साहजिक आहे. आधी भोकातून हवा शिरून धूर पातळ होत होता. तुम्ही उगाच बुजवलंत." आणि त्याने सहा महिन्यांचं सर्टिफिकेट छापून दिलं.

रात्री बिल बायकोसमोर ठेवलं. उस्तादने ते एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलं होतं. पाईप आणि सायलेन्सर चार हजार दोनशे, बाकी सगळे नट, स्टड, रबर, गॅस आणि "किरकोळ" मिळून पाच हजार तीनशे. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "गाडी नटांची आहे का?" तिने पत्रिका उलटून वधू-वरांची नावं वाचली, मंडप कुणाचा होता ते विचारलं. आमचा नव्हता.

जुना सायलेन्सर तरी विकावा म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. त्याने तो काट्यावर ठेवायच्या आधी उभा धरून आपटला. आतून काजळी, गंज आणि चिखल मिळून घमेलंभर ऐवज बाहेर पडला आणि सायलेन्सरचं वजन निम्म्यावर आलं. मी तक्रार केली. तो म्हणाला, "सेठ, यात लोखंड कुठे आहे? सगळं वेल्डिंगच आहे." मग त्याने मामांचं सूर्यफूल क्लॅम्पसकट सोडवलं, पत्रा हाताने सपाट केला, वेगळा तोलला आणि त्याचा भाव जास्त लावला.