मोरी वर कोनी काढी?

परवा धुळ्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर १७ होता. तो हुकला. कसा हुकला ते सांगायला लाज वाटते, पण राग जास्त आहे.

महिनाभर गाल ठणकत होता. आधी दाढ समजून दाढ उपटून झाली. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या, म्हणजे हाडातल्या पोकळ खोलीच्या, तळाला टेकलेली असतात, हे ज्ञान दाढ गेल्यावर मिळालं. त्या धडधाकट दाढेचे पैसे कोणी परत केले नाहीत. मग सीटी स्कॅन.

बाकावर शेजारी धोतर-टोपीतले एक बाबा, कानावर पेन्सिल. त्यांनी माझ्या हातातली फिल्म न विचारता घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"कोना घरना नकाशा शे हाऊ?"

"बाबा, माझ्या नाकाचा आहे."

बाबांना त्याचं काही वाटलं नाही. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. मलाच मास्तरकीची खुमखुमी. म्हटलं, खोल्यांच्या चार जोड्या. कपाळात दोन, गालांत दोन, डोळ्यांच्या मधे मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक, आणि पार मागे मेंदूच्या बुडाशी दोन. सगळ्यांत हवा, सगळ्यांचं पाणी नाकात.

"आनि हाई भित वाकडी कशी?"

"मधला पडदा. बहुतेकांचा थोडा वाकडाच असतो."

"वळंबा लावेल नही." मग बोट गालावर आलं. "हाई मोठी खोली. हिनी मोरी?"

मी दाखवली. वर, छताला लागून.

बाबांनी फिल्म खाली ठेवली. टोपी काढली. "मोरी वर कोनी काढी? पानी कथा जाई?" नाकात हरभरा अडकलेल्या पोराच्या आईलाही बोलावून दाखवली. ती माझ्याकडे बघून हळहळली. जणू बांधकाम मीच करून घेतलं होतं. "मिस्तरीले पैसा देवाना नही," बाबांचा निकाल. आणि मला हुकूम, "डोकं खाले करा."

केलं! भर दवाखान्यात, गुडघ्यांत डोकं घालून, शिकला-सवरलेला माणूस. कान गच्च झाले. वर उठलो तर दार बंद, बाबा आत. त्यांचा नंबर २३ होता. कंपाउंडर म्हणाला, "१७ पुकारलं, तुम्ही नव्हते. बाबा उठले."

पाऊण तासाने आत गेलो. फिल्मच्या पाकिटावर पेन्सिलीने खोली काढलेली, तळाशी बाण: 'मोरी आठे'. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "पूर्वी खरंच असं खाली भोक पाडायचे. पण आतल्या अस्तरावरचे बारीक केस शेंबूड वरच्याच तोंडाकडे ढकलत राहतात. म्हणून आता लागलंच तर तेच तोंड मोठं करतो." मला वाफ आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. ३ मिनिटं, ५०० रुपये.

बाबा बाहेर रसवंतीवर बसलेले. कानातला मळ निघाल्याने प्रसन्न. मी मुद्दाम गेलो. तुमची मोरी चुकली, आतले केस पाणी वर चढवतात, हे चवीने ऐकवलं.

बाबांनी ग्लास संपवला. "म्हंजे मोटर शे म्हना ना. मंग तुमनी मोटर जयनी शे."

रसाचे पैसे मीच दिले.