शंभर वेळा ‘पाऊस’ लिहून काय साधते?

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यात डिचोलीला बहिणीकडे गेले, तेव्हा माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, बांधायची फळे निवडणाऱ्या मुलांच्या घोळक्यात भाचा दिसला नाही. तो आतल्या खोलीत ‘पाऊस’ हा शब्द शंभर वेळा लिहीत बसला होता. ही शिक्षा शाळेने दिलेली नव्हती. बहिणीच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘डिस्लेक्सिया हा आजार नसून आळस आहे’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरत होता आणि चौथीतल्या त्या मुलाला नुकतीच डिस्लेक्सिया ही अक्षरे वाचण्या-लिहिण्यातली अडचण असल्याचे सांगण्यात आल्यामुळे तो संदेश थेट त्याच्या वहीत उतरला होता. संदेशाचे म्हणणे असे: हा प्रकार मोबाइलमुळे होतो, चुकलेला प्रत्येक शब्द रोज शंभर वेळा लिहून घेतला आणि तोवर खेळ बंद ठेवला, तर 21 दिवसांत मूल सुधारते, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो म्हणून घरी फक्त इंग्रजी बोलावे, अपंगत्वाचा दाखला मात्र कधीही काढू नये, त्याने आयुष्याला डाग लागतो. शेवटी अर्थातच ‘आइन्स्टाइनलाही डिस्लेक्सिया होता’.

मथळ्यातले अर्धे वाक्य मला नाइलाजाने मान्य करावे लागेल. डिस्लेक्सिया हा ताप-खोकल्यासारखा औषधाने बरा होणारा आजार नाही. पण म्हणून तो आळस ठरत नाही. मोबाइलचा आरोप तर इतिहासालाच धरून नाही. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा तल्लख, खेळात चपळ, पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. पर्सीच्या हाती मोबाइल कोणी दिला होता, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे. तासन्‌तास मोबाइल पाहणाऱ्या मुलाचा वाचनाचा सराव कमी पडतो, हे खरे आहे. परंतु सराव कमी पडणे वेगळे आणि सराव करूनही अक्षर व ध्वनी यांची सांगड न बसणे वेगळे.

आता त्या शंभर वेळांकडे येते, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. मी प्राथमिक शाळेत शिकवत असताना अशी शिक्षा स्वतः दिलेली आहे, त्यामुळे हे लिहिताना मला फारसा अभिमान वाटत नाही. भाच्याची वही मी हातात घेतली. पहिल्या चार ओळी ‘पाऊस’ नीट होता. पुढे त्याने सुटकेचा मार्ग शोधला होता: पानावर वरपासून खालपर्यंत आधी नुसता ‘पा’ लिहायचा, मग दुसऱ्या रांगेत ‘ऊ’, मग ‘स’. म्हणजे शब्द त्याने लिहिलाच नव्हता, तीन चित्रे काढली होती. दुसऱ्या पानावर मधली रांग एका घराने खाली सरकली होती आणि त्याला ते कळलेही नव्हते. वही मिटून तोच शब्द कागदावर लिहून दिला, तेव्हा त्याने तो ‘पासून’ असा वाचला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच ‘नाही, नाही’ म्हणाला. नऊ वर्षांचे मूल अक्षराऐवजी मोठ्यांचा चेहरा वाचू लागले, तर त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

नकल करताना हात चालतो. शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि प्रत्येक ध्वनीला त्याचे चिन्ह जोडणे हे काम होत नाही, आणि अडचण नेमकी त्याच कामात असते. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही मूठभर चिंचोके घेतले. ‘पाऊस’ तोंडाने म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक चिंचोका पुढे सरकवायचा. मग त्याच चिंचोक्याखाली अक्षर लिहायचे. घ आणि ध, भ आणि म या जोड्या एकाच दिवशी शिकवायच्या नाहीत. वाचताना एक ओळ मी, एक ओळ त्याने, आणि पंधरा मिनिटे झाली की पुस्तक बंद. यात जादू नाही आणि 21 दिवसांचा वायदाही नाही. हे महिनोन्‌महिने चालवायचे काम आहे आणि त्याला प्रशिक्षित विशेष शिक्षकाची जोडही लागते. खेळ तोडणे हा तर निव्वळ दुष्टपणा आहे, कारण दिवसभरात ज्या एका ठिकाणी हे मूल इतरांच्या बरोबरीचे असते, तेच आपण काढून घेतो.

घरी फक्त इंग्रजी बोलण्याच्या सल्ल्यावर जास्त शाई खर्च करण्याचे कारण नाही. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. आमच्याकडे बोलणे कोंकणी आणि वाचणे मराठी; आजीने गोष्ट इंग्रजीत सांगायची ठरवली तर घरात गोष्टच उरणार नाही, आणि ज्याला वाचून शब्द मिळत नाहीत त्याला ते ऐकूनच मिळायचे असतात. एक खरे आहे की मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेले मूल काही काळ अडखळते, आणि तेवढ्यावरून त्याच्यावर डिस्लेक्सियाचा शिक्का मारण्याची घाई होऊ नये. म्हणूनच तपासणी करून घ्यायची असते.

दाखल्याचे मात्र गंभीरपणे सांगायला हवे. 1995 च्या जुन्या कायद्यात अशा मुलांचा उल्लेखच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मान्य केलेल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो, आणि कलम 17 मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 16 तर अशा मुलांची अडचण लवकरात लवकर ओळखण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकते. बहिणीच्या जाऊबाईंना भीती होती ती कायद्याची नव्हे, दाखल्यासाठी बांबोळीच्या इस्पितळात जावे लागण्याची. ते नाव काढले की आपल्याकडे अजून लोकांना वेड्यांचे इस्पितळच आठवते. पण दाखला हा कपाळावर चिकटवायचा कागद नाही; तो फाइलमध्ये राहतो आणि परीक्षेच्या वेळी बाहेर येतो.

आइन्स्टाइनला डिस्लेक्सिया असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि असता तरी आमच्या पोराला त्याचा काय उपयोग?

पुढच्या वर्षी तो पाचवीत जाईल आणि तिथे भूगोलसुद्धा रोमन अक्षरांत वाचावा लागेल. तपासणीसाठी बहिणीने नाव घातले आहे. संदेश पाठवणाऱ्या जाऊबाईंनी गटावर अजून काही लिहिलेले नाही, मात्र परवा चिंचोक्यांची पुरचुंडी त्यांनीच भरून दिली.