आठ नंबरची ट्राम आणि चाकणचा कांदा

स्वित्झर्लंडातल्या बाझलची आठ नंबरची ट्राम सीमा ओलांडून थेट जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते. शनिवारी तिच्यात बसायला जागा मिळत नाही. सगळ्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या, आमच्याही. स्वित्झर्लंडात शेतमालावरचा आयात कर चढा, त्यामुळे दूध-मांस महाग. पलीकडे तेच बरंच स्वस्त. माणशी एक किलो मांस बिनकराचं आणता येतं. एकूण खरेदीवरच्या करमाफीची मर्यादा मात्र 2025 पासून 300 फ्रँकवरून 150 वर आली. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हे हिशेब शिकवावे लागत नाहीत.

पुण्याच्या घरच्या ग्रुपवरची भांडणं मी याच ट्राममध्ये वाचतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर 50 टक्क्यांपर्यंत आणि स्वित्झर्लंडच्या मालावर 39 टक्के कर लावला, तेव्हा तर रोज रात्री आखाडा. दादाच्या मते जागतिक व्यापार संघटना हा श्रीमंत देशांचा सापळा आहे, 1995 ला आपण त्यात शिरायलाच नको होतं. भाचीच्या मते दारं सताड उघडावीत. चाकणला मोटारींचे कारखाने उगाच आले का? दोघांचंही बोट जिनिव्हाकडे, संघटनेच्या मुख्यालयाकडे. मला मात्र त्याच चाकणचा 2023 चा डिसेंबर आठवतो.

तेव्हा मी सुट्टीवर होतो. खेड तालुक्यातल्या मामेभावाचा लाल कांदा काढून झाला होता. हा कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. काढला की विकावा लागतो. 8 डिसेंबरपासून केंद्राने निर्यातबंदी लागू केली. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलंच होतं. थोड्याच दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास आले. भावाने मला पट्टी दाखवली: हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन उरलेली रक्कम. म्हणाला, ‘‘तुमच्या कोथरूडला कांदा स्वस्त झाला ना? झालं तर मग.’’ मला उत्तर सुचलं नाही, कारण त्याच सकाळी वहिनीने पाच किलो कांदा आनंदाने घेतला होता. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही किमान निर्यात दर आणि 40 टक्के शुल्क मागे ठेवून. ते शुल्क पुरतं जायला 1 एप्रिल 2025 उजाडला.

यात जिनिव्हाचा हात कुठे होता? तिथले करार मुख्यतः आयात करावर कमाल मर्यादा घालतात. निर्यात शुल्काबद्दल ते जवळपास गप्पच आहेत, आणि अन्नटंचाईच्या नावाखाली तात्पुरती निर्यातबंदीही चालते. आयातीतही भारताला मुभा भरपूर आहे: शेतमालावर सरासरी 113 टक्क्यांपर्यंत कर लावता येतो, प्रत्यक्षात लागतो 40 च्या खाली. मधली जागा दिल्लीची. ती शेतकऱ्यासाठी वापरायची की शहरातल्या भाजीच्या पिशवीसाठी, हे जिनिव्हात कुणी ठरवत नाही.

स्विस लोक शेतीच्या बाबतीत मुक्त व्यापाराचे मुळीच भक्त नाहीत, हे दादाला ऐकायला आवडेल. इथला टोमॅटो निघाला की बाहेरच्या टोमॅटोवर जबर कर. हंगाम सरला की कुंपण खाली. वर शेतकऱ्यांना वर्षाला सुमारे 2.8 अब्ज फ्रँक थेट मिळतात. ही श्रीमंताघरची सोय आहे, शेतंही 48 हजारांच्या आत. आपल्या कोट्यवधी खातेदारांना ती परवडणारी नाही. मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. 2015 ला नैरोबीत निर्यात अनुदानं बंद करायचं ठरलं. चॉकलेट-बिस्किटांच्या निर्यातीसाठी इथे जे अनुदान होतं, ते त्यामुळे 1 जानेवारी 2019 ला संपलं, आणि तो पैसा दूध उत्पादकांकडे वळवला गेला. पळवाट म्हणा हवं तर. पण अनुदान जाणार हे गवळ्याला तीन वर्षं आधी ठाऊक होतं. मामेभावाला एक रात्रही मिळाली नाही.

चाकणचा विषय निघाला की शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवणारच. बर्नमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला आणि 1978 ला चाकणच्या कांद्यासाठी रस्त्यावर उतरला. पुढे ज्या मसुद्यातून जागतिक व्यापार संघटना उभी राहिली त्या डंकेल प्रस्तावाला सगळे शिव्या घालत असताना त्याने पाठिंबा दिला. त्याचा मुद्दा उणे सबसिडीचा: आपल्या सरकारनेच दिलेल्या आकड्यांत शेतकऱ्याला मिळणारा आधार शून्याच्या खाली होता. त्याचं सगळं मला पटत नाही. न्यूझीलंडच्या दुधाला दार उघडलं असतं तर दोन गाईंवर घर चालवणाऱ्याचं काय झालं असतं? नोव्हेंबर 2019 ला आपण आरसेपमधून, म्हणजे न्यूझीलंडसह आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या बोलण्यांतून, बाहेर पडलो ते बरंच झालं. पण घरचा दरवाजा आतून कोण लावतं, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

गेल्या खेपेला गेलो तर मामेभावाने कांद्याचं अर्धं रान उसाला दिलेलं. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारी किमान दर, ठरलेली असते, म्हणाला, पैसे उशिरा येतील पण येतील. याच उसाच्या दरावरून आणि साखरेच्या निर्यात अनुदानावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने भारताला जिनिव्हात खेचलं होतं. डिसेंबर 2021 ला निकाल विरोधात गेला. आपण अपील केलं ते अशा अपील मंडळाकडे, जिथे 2019 च्या अखेरीपासून खटला ऐकायला पुरेसे सदस्यच नाहीत. तेव्हा निकाल लोंबकळतोय, ऊस वाढतोय. भावाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘तिकडं कांदा काय किलोनं?’’