हात म्हणजे विहिरीचा दोर नव्हे

शनिवारच्या लिंडी हॉपच्या सोशलमध्ये, म्हणजे जोडीने स्विंग नाचायच्या संध्याकाळी, मैत्रिणीचा उजवा खांदा दुखावला. आज चौथा दिवस, अजून तिला केसांना चाप लावायला हात वर नेता येत नाहीये. आणि ज्या इसमाने हे केलं तो गाणं संपल्यावर तिलाच सांगतो, "तू फार ताठ धरतेस, हात सैल सोड." अरे, तिने सैल सोडला असता तर सांधाच निखळला असता!

एकदा शेवटचं सांगते. स्विंगआउट, म्हणजे या नाचातली मूळ मूव्ह, जोडीदारणीला जवळ आणून पुन्हा बाहेर सोडायची, आठ काउंटचा. एक-दोन, दोन पावलं, तीन-आणि-चार, ट्रिपल स्टेप म्हणजे तीन झटपट पावलं, पाच-सहा, पुन्हा दोन पावलं, सात-आणि-आठ, ट्रिपल. एकवर लीडने, म्हणजे नाच पुढे नेणाऱ्याने, आपलं वजन मागे न्यायचं. वजन, दंड नाही. कोपर किंचित वाकलेलं आणि स्वतःच्या बरगडीजवळ. धड मागे गेलं की हातात ताण भरतो आणि समोरची आपोआप निघते. तीन-चारला उजवा हात तिच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, आणि दोघं मिळून फिरतात. पाचला वाट मोकळी करायची, ढकलायचं नाही. सात-आठला ती तिच्या वेगाने टोकाला पोचते, तेव्हा तो ताण सावकाश घ्यायचा.

हा माणूस खांबासारखा एका जागी उभा. सगळं काम दंडातून. एकवर हिसका देऊन आत ओढायचं, आणि आठला ती वजनासकट बाहेर चाललेली असताना पुन्हा स्वतःकडे हिसका. तिचं शरीर एकीकडे, हात दुसरीकडे, मधे खांदा. मिनिटाला १८० बीट्सचं तीन मिनिटांचं गाणं असेल तर आठ-आठ काउंटचे साठाहून जास्त तुकडे होतात. त्यातले निम्मेच स्विंगआउट धरा आणि प्रत्येकी दोन हिसके मोजा. एका गाण्यात साठेक हिसके! आणि त्याने तिला लागोपाठ दोन गाणी सोडलं नाही.

वर तो अंगठा. बोटांचा नुसता आकडा पुरतो, तिची बोटं त्यात अलगद अडकतात. हा अंगठ्याने तिची बोटं वरून आवळून धरतो. मग टर्न दिला की हात हातात फिरत नाही, मनगट पिळवटतं. टर्नमध्ये हात तिच्या डोक्यावर, कपाळाच्या किंचित पुढे हवा. हा तो तिच्या कानामागे खेचतो. मुंबईच्या दमटपणात तळवे घामाने निसरडे होतात हे मान्य, पण त्यावर उपाय रुमाल आहे, पकड नाही. जादाचा टी-शर्ट आणायला काय होतं?

आणि शेवटी, न विचारता डिप, म्हणजे जोडीदारणीला हातावर मागे झुकवणं. तोही आदल्याच महिन्यात शिकलेला. डिपमध्ये तिचं वजन तिच्या स्वतःच्या पायावर राहिलं पाहिजे, तिने मनाने दिलं तेवढंच लीडने पेलायचं. अचानक मागे पाडलं की ती सावरायला त्याच्या गळ्याला लटकते, त्याची कंबर जाते आणि तिची मान जाते. शेजारच्या जोडीला लाथ बसते ती वेगळीच.

विचारलं की उत्तर ठरलेलं: "जुने लोक तर हवेत उडवायचे." उडवायचे, पण कसे? लिंडी हॉपचा नामवंत नर्तक फ्रँकी मॅनिंगने १९३५ साली पहिली एअर स्टेप, म्हणजे जोडीदारणीला हवेत उडवायची मूव्ह, केली ती न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममधल्या स्पर्धेत, आणि त्याआधी जोडीदारणीबरोबर तालीम करून. १९२६ साली हार्लेममध्ये उघडलेल्या त्या बॉलरूममध्येसुद्धा पट्टीच्या नाचणाऱ्यांसाठी एक कोपरा ठरलेला होता, कॅट्स कॉर्नर. बाकीच्या फ्लोअरवर लोक लोकांसारखे नाचायचे. हाच मॅनिंग म्हातारपणी शिकवताना जोडीदारणीला वाकून नमस्कार करायला लावायचा. ते तुम्हाला दिसलं नाही, उडी तेवढी दिसली.

आयोजकांवरही माझा राग आहे. सोशलच्या आधीच्या तासाभराच्या क्लासमध्ये नवख्यांना पाच-सहा मूव्ह्ज शिकवता, हात कसा धरायचा ते दहा मिनिटंही नाही. पहिले दहा मिनिटं नुसते समोरासमोर उभे करा, हात धरून पुढे-मागे वजन न्यायला लावा, अर्ध्या दुखापती तिथेच थांबतील. लादीवर नाचवता ते नाचवता, निदान टाल्क तरी टाकू देऊ नका. अर्धी लादी चिकट, अर्धी बर्फ. रबरी तळाच्या बुटात टर्न घेतला की बूट जागीच राहतो आणि गुडघा फिरतो, हेही कुणी दारात सांगत नाही. सुएडचे, म्हणजे मऊ लवदार चामड्याचे, तळ चांभाराकडून लावून मिळतात.

आणि डीजे! २२० बीट्सची गाणी ओळीने चार. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून ती गाणी नाचायला बेताची असतात. तुम्ही सहा मिनिटांचं इलेक्ट्रो स्विंग, म्हणजे मशीनच्या ठेक्यावरचं स्विंग, लावता आणि वाईट लीडच्या तावडीतल्या मुलीला सहा मिनिटं सुटका नाही. याच मुंबईत १९३५ साली अमेरिकन लिऑन ॲबीचा जॅझ बँड ताज हॉटेलमध्ये वाजवायचा, नंतर गोव्याचा चिक चॉकलेट ट्रंपेट घेऊन उभा राहायचा. तुम्हाला ड्रम मशीनच हवं.

गाण्याच्या मधेच हात सोडून निघून जाता येतं, मुलींनो. माफी मागायची नाही, कारण द्यायचं नाही. माझ्या मैत्रिणीला वाटलं, वाईट दिसेल. ती थांबली, दुसरं गाणंही नाचली. फिजिओने तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणून सांगितलंय, आणि तो परवा पुन्हा फ्लोअरवर असणार आहे.