अवाढव्य दिसला म्हणून तो ‘जायंट ग्रूपर’ ठरत नाही

पाणबुड्याशेजारी भलामोठा मासा, आणि फोटोखाली मजकूर: ‘हाच जायंट ग्रूपर, म्हणजे राक्षसी हेकरू. माणसाएवढा आकार, करडा-तपकिरी रंग, अंगभर मोठे काळे ठिपके, ओळख पक्की. अमेरिकेत यालाच गोलायथ म्हणतात.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हा फॉरवर्ड सतत फिरतो.

आधी ठिपके. अंगभर मोठे, सुटे, गडद ठिपके आणि डोळ्यापासून फाकणाऱ्या काळ्या रेघा दिसल्या, तर तो बहुधा पोटॅटो ग्रूपर, हेकरूची वेगळी जात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचं ‘कॉड होल’ हे ठिकाण याच माशामुळे पाणबुड्यांमध्ये प्रसिद्ध झालं. तोही २ मीटरपर्यंत वाढतो, वजन १०० किलोवर जातं. म्हणजे नुसता आकारही कामाचा नाही. राक्षसी हेकरूचं वाढलेलं अंग काळपट तपकिरी, पुसट ढगाळ असतं. बारीक काळे ठिपके असतात ते परांवर.

रंगाचा मुद्दा सगळ्यात फसवा. राक्षसी हेकरूचं पिल्लू पिवळंधमक असतं, त्यावर तीन रुंद, वेडेवाकडे काळे पट्टे: एक पाठीच्या काटेरी परापासून पोटा-छातीपर्यंत उतरून डोक्याकडे पसरलेला, दुसरा मागच्या मऊ पराखाली, तिसरा शेपटीच्या बुडाशी. मासा वाढतो तसे काळ्या भागात पांढरे-पिवळे डाग उमटतात, पट्टे विरतात आणि शेवटी मातकट रंग उरतो. मत्स्यालयांच्या बाजारात हेच पिल्लू ‘बंबलबी ग्रूपर’ म्हणून विकलं जातं. घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, की हा मासा अडीच मीटरच्याही पुढे जाऊ शकतो! फॉरवर्डचे निकष लावले तर हे पिल्लू या जातीतच बसणार नाही.

गोलायथचं उत्तर नकाशातच आहे. ती वेगळीच जात, अटलांटिकची. राक्षसी हेकरू तांबड्या समुद्रापासून हवाईपर्यंतच्या पट्ट्यातला, आपल्या किनाऱ्यांवरही आढळणारा. फोटो कुठला, हे आधी विचारा.

मग पाहायचं काय? शेपूट गोलाकार, डोळे अंगाच्या मानाने बारीक, पाठीवर ११ काटे आणि ते मागच्या मऊ भागापेक्षा बुटके. मात्र गोल शेपूट आणि ११ काटे इतर कितीतरी हेकरूंनाही असतात, त्यामुळे एकच खूण पकडून निकाल देऊ नये. खुणा एकत्र जुळवाव्या लागतात.

त्यात २००६ साली मलेशियातल्या साबाह विद्यापीठाने टायगर ग्रूपरची मादी आणि राक्षसी हेकरूचा नर यांचा संकर केला. तो आता आग्नेय आशियात सर्रास पाळला जातो आणि हाँगकाँगच्या समुद्रातही सापडला आहे. तिथल्या मासळीबाजारातला फोटो असेल, तर नुसत्या चित्रावरून पैज लावू नका. अशा माशाची खात्री जनुकीय चाचणीनेच होते.