अंग आत गेलं म्हणजे कोंबडी वाचली असं नाही

"कोंबडीचं अंग बाहेर आलंय? घाबरू नका, ही कोंबड्यांची मूळव्याध. मूळव्याधीचं मलम लावा, बोटाने आत सारा, दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे अंडं थांबेल. कळपातून मात्र काढू नका, एकटी पडली की झुरते. तिसऱ्या दिवशी ठणठणीत. डॉक्टरची गरज नाही."

हा मेसेज मला इतक्यांदा आलाय की आता तोंडपाठ झालाय. पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं, आणि त्यातली एक गोष्ट अर्धी बरोबरही आहे. पण तो जसाच्या तसा पाळला तर कोंबडी हातची जाते. माझी गेली.

सगळ्यात घातक ओळ कळपाची, म्हणून आधी तीच. माझी ती तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अंडी घालायला लागून जेमतेम आठवडा झाला होता. दुपारी शेपटीखाली लिंबाएवढा ओला, लालभडक गोळा दिसला. मेसेजबरहुकूम धुतला, आत सारला, आणि संध्याकाळी तिला बाकीच्यांबरोबर खुराड्यात सोडलं. सकाळी दार उघडलं तर ती कोपऱ्यात मान टाकून बसलेली, मागची पिसं रक्ताने चिकटलेली आणि दोघींच्या चोची लाल. कोंबड्या काळोखात टोचत नाहीत. फटफटल्यापासून मी दार उघडेपर्यंतचा वेळ त्यांना पुरला.

यात त्यांचा दुष्टपणा नाही. लाल, ओलं, चकाकणारं काही दिसलं की कोंबडी चोच मारतेच. एकीने ओढलं की दुसरी धावते, आणि प्रकरण आतडं बाहेर येण्यापर्यंत जातं. त्यामुळे धुणं, मलम, डॉक्टरला फोन, या सगळ्याच्या आधी तिला वेगळं करायचं. झुरण्याची भीती वाटत असेल तर खोका कळपाचा आवाज ऐकू येईल असा ठेवा. आवाजाने कुणी टोचत नाही.

आता मूळव्याध. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराच्या फुगलेल्या शिरा. कोंबडीचं जे बाहेर येतं ती बहुतेक वेळा अंडवाहिनी असते, म्हणजे अंडं जिथून येतं त्या नळीचं खालचं टोक. कोंबडीला शीट आणि अंडं यांच्यासाठी बाहेरचं दार एकच. अंडं घालताना ही नळी क्षणभर उलटी होऊन अंड्याबरोबर दारापर्यंत येते, म्हणून तर अंडं शिटेला न लागता पडतं. लगेच ती आत ओढली जाते. ती आत गेली नाही, की झालं अंग बाहेर. लवकर अंड्यावर आलेली तलंग, पोटात चरबी साठलेली कोंबडी, फार मोठं किंवा दोन बलकांचं अंडं, कॅल्शियमची कमतरता, सतत कुंथणं ही त्याची नेहमीची कारणं. शिरांच्या दुखण्याचा इथे काही संबंध नाही.

मग मलमाने काय होतं? सूज थोडी उतरू शकते, म्हणून 'आमच्याकडे गुण आला' म्हणणारे सापडतात. पण दर मलमातली औषधं वेगळी. काहींत जागा बधिर करणारं औषध असतं, आणि दीड-दोन किलोच्या पक्ष्याला ते सहज जास्त होतं. काहींत स्टेरॉइड असतं, त्याने जखम भरायला उशीर लागतो. शिवाय कोंबडी चोचीने पिसं साफ करताना ते पोटात घेणार. त्यापेक्षा सूज उतरवायला साधी साखर बरी: धुतलेल्या गोळ्यावर पेरायची, पाचदहा मिनिटं थांबायचं, ती पाणी ओढून घेते आणि गोळा डोळ्यांदेखत लहान होतो. मग नीट धुऊन टाकायची, नाहीतर मुंग्या तुमच्या आधी हजर.

'बोटाने आत सारा' ही ती अर्धी बरोबर गोष्ट. सारायचंच असतं, पण त्याआधी बरंच काही आहे. कोंबडी जुन्या टॉवेलमध्ये पंखांसकट गुंडाळा, डोकं काखेकडे, शेपटी समोर. हाताला सुखद वाटेल इतक्या कोमट पाण्याची बारीक धार सोडा. लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलं तर उत्तम, साध्या पाण्यापेक्षा ते उघड्या मांसाला कमी झोंबतं. चिकटलेली शीट आणि भुसा ओढू नका, भिजून सुटू द्या. स्पिरिट वगैरे तर लांबच ठेवा. मग बघा, आत अंडं अडकलंय का. गोळ्यामागे काही टणक लागत असेल तर अंग आत ढकलण्यात अर्थ नाही, आधी अंडं निघायला हवं. आणि ते आत फोडायचं नाही, कवचाच्या कपऱ्या नळी चिरतात.

अंडं नसेल, गोळा गुलाबी-लाल आणि ओला असेल, तरच पुढे. हातमोजा, पाण्यात विरघळणारी जेली, आणि बोटाच्या टोकाने नाही तर पेराच्या गादीने, मधल्या भागावरून सावकाश दाब. पहिल्यांदा करताना वाटतं, आपण काहीतरी फाडणार. फाडत नाही, पण ती उलटा जोर लावते आणि तो बोटाला स्पष्ट कळतो. तिने कुंथलं की थांबायचं, सैल सोडलं की सरकवायचं. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं बोट तिथेच धरून ठेवा. आजूबाजूची पिसं कातरून टाका, म्हणजे पुन्हा बाहेर आलं तर लगेच दिसेल.

आणि मेसेज जिथे संपतो तिथून खरं काम सुरू होतं. बीज सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण 25 तास लागतात, त्यातले 20 च्या आसपास कवच चढण्यात. म्हणजे आज दुपारी तुम्ही अंग आत सारलं, तर उद्याचं अंडं तोवर वाटेला लागलेलंही असेल. ते त्याच सुजलेल्या नळीतून येणार आणि सगळं पुन्हा बाहेर काढणार.

म्हणून उपाशी ठेवा, असं मेसेज म्हणतो. वाटेला लागलेलं अंडं उपासाने मागे फिरत नाही. उलट कवचाला लागणारं दोनेक ग्रॅम कॅल्शियम ती मग हाडांतून काढते, नाहीतर कवच मऊ होतं. मऊ अंडं बाहेर ढकलायला जास्त कठीण, कारण स्नायूंना जोर लावायला टणक काही नसतं. त्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतंच. तेव्हा नेहमीचं खाद्य, शिंपल्यांचा चुरा आणि भरपूर पाणी चालू ठेवा. चरबी उतरवायचा कार्यक्रम नंतर.

बंद करायचा तो उजेड. दिवस 14-16 तासांचा असला की कोंबडीचं शरीर अंड्यांच्या कामाला लागतं, आठ तासांवर आणला की हळूहळू थांबतं. गंमत अशी की पक्ष्यांना उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही, कवटीतून झिरपून थेट मेंदूपर्यंतही पोचतो. म्हणून कोपऱ्यात सावलीत ठेवून भागत नाही. खोक्यावर जाड कापड हवं, हवा खेळेल असं, आणि रोज आठच तास उघडायचं. खाणंपिणं त्याच वेळात. तरी दोन-चार अंडी येऊन जातात, आठवडा किंवा जास्तही लागतो. तोवर दिवसातून चार-पाच वेळा शेपटी उचलून बघणं आलं.

डॉक्टरची गरज नाही? तीन-चारदा सारूनही अंग बाहेर येत असेल तर टाका लागतो, आणि तो शिटेपुरती वाट ठेवून घालायचा असतो. ते घरी शिकायचं काम नाही. गोळा काळा-करडा पडला, वाळला, वास मारायला लागला, तर तो आत ढकलणं म्हणजे सडकं मांस पोटात कोंडणं. टोचून फाटलेल्याचंही तेच. अशा वेळी डॉक्टरने 'हिला सोडवू या', म्हणजे शांतपणे मरण देऊ या, म्हटलं तर हुज्जत घालू नये असं माझं मत आहे. घरातली माणसांची वेदनाशामकं अंदाजाने देऊ नका, आणि डॉक्टरने औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

राहता राहिलं 'तिसऱ्या दिवशी ठणठणीत'. माझी दुसरी कोंबडी, तीन वर्षांची, सोळा दिवस खोक्यात होती. पहिल्या चार दिवसांत अंग दोनदा परत बाहेर आलं. नंतर आठवडाभर जाळीपलीकडे ठेवून मग कळपात सोडली. पुढे दीड महिन्याने ती पुन्हा अंडं घालायला बसली, तेव्हा मी खुराड्यामागे उकिडवी बसून बघत होते. ती अर्धवट उभी राहिली, अंडं दिसलं, त्याच्याभोवती गुलाबी कडा दिसली. अंडं पडलं, आणि मी श्वास सोडायच्या आत ती कडा आत गेली.