सातबारा आपला, नकाशा त्यांचा

"जमीन माझी, मी काय वाटेल ते बांधीन, सरकार कोण सांगणार?" हे वाक्य हल्ली नाशकात गोदाकाठी फार ऐकू येतं. बोलणाऱ्याचा प्लॉट बहुतेक वेळा निळ्या पूररेषेच्या आत असतो.

त्याच्या बाजूने मी नाही. सप्टेंबर 2008 चा पूर आठवा. नदीतली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पाण्यात, सराफ बाजारात पाणी, भांडी बाजाराची दैना. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. नदीच्या पात्रात भराव टाकून मी इमारत उभी केली की पाणी काही जिरत नाही, ते समोरच्या काठावरच्याच्या घरात शिरतं. तिथे "माझी जमीन" हा युक्तिवाद संपतो. भरपाईचाही प्रश्न येत नाही, कारण दुसऱ्याला बुडवायचा हक्क मला कधी नव्हताच.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे माझं डोकं तापतं.

माझ्या मामांच्या मळ्यावर आरक्षण आहे, म्हणजे महापालिकेच्या विकास आराखड्यात तो सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलाय. मैदान, शाळा, रस्ता, काहीही असू द्या. मामांनी कुणाचं पाणी अडवलेलं नाही. गावाला मैदान हवं आहे एवढंच. हवंच, कबूल! मग घ्या ना विकत. घ्यायचं नाही आणि सोडायचंही नाही, हा कुठला न्याय? सातबारा मामांच्या नावावर, पण बँक त्या जमिनीवर कर्ज देताना नाक मुरडते, बांधकाम परवानगी मिळत नाही आणि गिऱ्हाईक आलंच तर पडेल भावात मागतं. मुलीच्या लग्नाला कुणी विकली, तर पुढे आरक्षण उठल्याचा मलिदा घेणाऱ्याला. (घेणाऱ्याला ते आधी कसं कळतं, हे नाशिककरांना मी काय सांगू?)

रोख नको, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणतात. टीडीआर बिल्डरला कळतो. द्राक्षबाग लावणाऱ्याला तो विकायला दलाल लागतो आणि भाव बाजार पडला की पडतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम आहे, म्हणूनच रोखीची फाइल पुढे सरकत नाही, असं माझं स्पष्ट मत.

1978 मध्ये 44 व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, पण कलम 300-अ राहिलं: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. काढून न घेता नुसती अडकवून ठेवली तर? त्यावर राज्याच्या 1966 च्या नगररचना कायद्यात कलम 127 आहे. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द. वाचायला छान. पण नोटीस द्यायच्या आधी सुधारित आराखडा आला आणि तेच आरक्षण त्यात पुन्हा पडलं, की दहा वर्षं नव्याने सुरू. आधीच्या आराखड्यातलं आरक्षण नव्यात तसंच उतरलं, तर आजोबांनी सुरू केलेली वाट नातवानं पाहायची.

तपोवनाचंही तेच. तिथलं साधुग्राम, म्हणजे कुंभमेळ्यातली साधूंची तात्पुरती वस्ती, लागतं बारा वर्षांतून एकदा. तेवढ्यासाठी शेतकऱ्याची जमीन कायमची आरक्षणात कशाला? कुंभापुरती भाड्याने घ्या, भाडं वेळेवर आणि चोख द्या, जमीन साफ करून परत करा.

नाशिकचा सध्याचा आराखडा 2017 ला मंजूर झाला. म्हणजे सिंहस्थाच्या धामधुमीतच, 2027 मध्ये, पुष्कळ आरक्षणांची दहा वर्षं भरतील. काही भाग मागाहून मंजूर झालाय, तेव्हा आपल्या गटाची तारीख राजपत्रात बघून घ्या. वकिलाकडून नोटीस तयार करून ठेवा आणि दहा वर्षं पुरी झाली की लगेच बजावा, पोच घ्यायला विसरू नका. नवा आराखडा यायच्या आत.